वार्ता दुरून येते तेव्हा

‘सार्वजनिक गणेशोत्सव केव्हा व का सुरू झाला?’ हा प्रश्न परीक्षेत विचारला की आमचे विद्यार्थी १८९३ चे साल लिहितात, लोकमान्य टिळकांचे नाव लिहितात आणि ‘त्या वर्षी मुंबईत दंगल झाली होती’ असे एक वाक्य जोडून मोकळे होतात. उत्तर चुकीचे नाही, गुणही मिळतात. परंतु त्या एका वाक्यात जे दडलेले आहे, ते पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत मावत नाही. मुंबईतील ती दंगल मुंबईतील भांडणावरून पेटलीच नव्हती, हे आमच्या किती वाचकांना ठाऊक असेल?

त्या वर्षीच्या जुलै महिन्यात, मोहरमच्या दिवसांत, काठेवाडातील प्रभासपाटण या गावी हिंदु-मुसलमानांत दंगा झाला. सोमनाथाचे म्हणून प्रसिद्ध असलेले हे गाव जुनागढ संस्थानात होते. मुंबईपासून ते इतके दूर, की तेथे काय घडले ते प्रत्यक्ष पाहिलेला मनुष्य मुंबईच्या गल्लीत सहसा सापडावयाचा नाही. वार्ता मात्र आली. तारेने आली, व्यापाऱ्यांच्या पत्रांतून आली, वर्तमानपत्रांतून आली आणि एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना वाढत गेली. मुंबईत सभा भरल्या. दोन्ही समाजांनी आपापल्या लोकांसाठी वर्गण्या गोळा केल्या. संकटात सापडलेल्यांना मदत करणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण ‘आपले’ संकटग्रस्त आणि ‘त्यांचे’ संकटग्रस्त अशी दोन वेगळी खाती ज्या दिवशी उघडली गेली, त्या दिवशी पायधुणीच्या शेजाऱ्यांमध्ये पाटणचे भांडण येऊन बसले.

११ ऑगस्ट १८९३, शुक्रवार. दुपारची नमाज आटोपल्यावर जुम्मा मशिदीतून निघालेल्या जमावाने जवळच्या हनुमान गल्लीतील देवळाकडे धाव घेतली. दुसऱ्या दिवशी गिरणी कामगारांचे जमाव रस्त्यावर उतरले आणि उलट बाजूने हल्ले सुरू झाले. लष्कर बोलवावे लागले. तीन दिवसांत सुमारे ८० माणसे मेली. पुष्कळ लोक मुलाबाळांसह शहर सोडून निघून गेले.

दंगल शमल्यावर दुसरा दंगा कागदावर सुरू झाला. इंग्रजी पत्रांनी गोरक्षण मंडळ्यांना दोष दिला. ‘केसरी’ने सरकारच्या पक्षपाती धोरणाला. कोणाचे म्हणणे किती बरोबर होते, याचा निवाडा इतिहासाचे अभ्यासक आजही करीत आहेत, आणि आम्ही तो या चार ओळींत करू इच्छित नाही. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते वस्तीत काय झाले ते. तोपर्यंत मोहरमच्या ताबुतांत हिंदू मंडळी हौसेने सामील होत असत; पुष्कळ ठिकाणी ताबूत बसविणारेही हिंदूच असत. १८९४ मध्ये पुण्यात हिंदूंनी ताबुतांवर बहिष्कार घातला. ज्यांना त्या दंगलीत एक ओरखडाही उठला नव्हता, अशा गल्ल्यांतूनही एक जुना सहभाग संपला. मेलेल्यांची मोजदाद सरकारदफ्तरी होते. हा तोटा कोणी कोठे मांडला आहे काय?

हे सारे परमुलुखातले म्हणून बाजूला सारू नये. आमच्या गोव्यात १९८६ च्या डिसेंबरात राजभाषेच्या आंदोलनाला हिंसक वळण लागले, रस्त्यांवर झाडे आडवी पाडून वाहतूक रोखली गेली आणि त्या आंदोलनात सात जणांचे प्राण गेले. घरी कोंकणी बोलावी आणि सकाळी ओसरीवर मराठी वर्तमानपत्र उघडावे, ही येथील कितीतरी घरांची रीत; आमच्या घरचीही तीच. आमच्या घरातील वडीलधारी माणसे सांगतात की, त्या दिवसांत ओसरीवर कोणते पत्र पडले आहे, हे पाहून येणारा-जाणारा घराचा पक्ष ठरवीत असे. घरातल्यांचे मत विचारण्याची कोणाला गरज वाटत नसे. जो शिक्षक कोंकणीत विचार करून मराठी शिकवितो, त्याला ही गोष्ट ऐकताना अजूनही अवघडल्यासारखे होते, हे येथे सांगून टाकतो.

आता भिवंडीकडे वळू. ठाणे जिल्ह्यातील हे यंत्रमागांचे गाव. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत तेथे दंगल उसळली. दुसऱ्याच दिवशी, साडेतीनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या जळगावात दंगल झाली. पुन्हा तेच: घाव एका गावी, वेदना दुसऱ्या गावी आणि सूड तिसऱ्यावरच. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाड या तिन्ही ठिकाणच्या घटनांची चौकशी केली.

अशा वेळी वृत्तपत्रांनी काय करावे? भारतीय वृत्तपत्र परिषद १९६६ साली स्थापन झाली, आणि जातीय तेढीच्या बातम्यांविषयी तिने पुढे मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. बातमीत समाजाचे नाव न छापता ‘दोन गटांत हाणामारी’ असे लिहिण्याचा प्रघात आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. हेतू चांगला आहे. पण खरे सांगावयाचे तर, ती रिकामी जागा वाचक आपल्या मनाने भरतो, आणि भरताना नेमके आपल्याला भीती वाटणारे नाव लिहितो. छापलेला शब्द पेटवितो, तसे न छापलेलेही पेटवू शकते. मौनाने अफवा मरत नाही. शहानिशा झाली तरच ती मरते, आणि शहानिशा करावयाची तर जवळचा, विश्वासाचा माणूस लागतो.

भिवंडीत तो माणूस निर्माण करण्याचा प्रयत्न झाला. १९८४ च्या मे महिन्यात तेथे पुन्हा भयंकर दंगल झाली होती. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. प्रत्येक मोहल्ल्यातील हिंदू व मुसलमान, आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस, यांनी ठरावीक दिवशी एकत्र बसावयाचे. बैठकीत धर्माची चर्चा नसे. गटार, नळ, कर्णा, पोरांची मारामारी असले क्षुल्लक विषय असत. कोणी म्हणेल, सूत पुरविणारा एका धर्माचा आणि माग चालविणारा दुसऱ्या, मग त्यांचे संबंध आधीच नव्हते काय? होते, पण ते १९७० मध्येही होते आणि १९८४ मध्येही होते. देवघेवीच्या ओळखीने दंगल थांबली नव्हती.

६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबई पेटली. डिसेंबर आणि जानेवारी मिळून सुमारे ९०० माणसे मेल्याचे श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात नमूद आहे, आणि काही वृत्तपत्रांच्या प्रक्षोभक लिखाणाचीही आयोगाने दखल घेतली. समुद्रातून शस्त्रे उतरणार, अशा अफवांनी लोक रात्र रात्र जागत होते. भिवंडी तेथून अवघी चाळीस-पन्नास किलोमीटर. मुंबईची तीच वर्तमानपत्रे तेथे रोज सकाळी येत होती, त्याच अफवा येत होत्या. भिवंडी शांत राहिली. रोजावर जगणाऱ्या मागवाल्यांच्या घरची चूल त्यामुळे विझली नाही. ‘अमक्या गल्लीत अमके झाले’ असे कानावर आले, तर त्या गल्लीतल्या कोणाला विचारावे, हे चार वर्षांच्या बैठकींनी लोकांना माहीत झाले होते.

आज वार्तेला तारेचीही गरज उरलेली नाही. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा भ्रमणध्वनीवरून धुळे जिल्ह्यात फिरत असता, १ जुलै २०१८ रोजी राईनपाडा या गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून आले होते. त्या गावात त्यांना ओळखणारे कोणी नव्हते.