सिंकची विनंती वाचताना

नरखेड तालुक्यातल्या संत्रा बागाईतदारांच्या एका गटाचा फाइल सर्व्हर मी सांभाळतो. त्यात सातबारे, पीककर्जाचे कागद, आंबिया आणि मृग बहाराच्या विक्रीच्या पावत्या असतात. जलालखेडा, मोवाड, सावरगावकडचे शेतकरी मोबाइलवरून फाइली टाकतात आणि शेतात रेंज जेमतेम असते. दर वेळी अख्खं फोल्डर मागवणं परवडत नाही. म्हणून ‘मागच्या वेळेनंतर काय बदललं?’ एवढंच विचारणारी वेबडॅव्हची सिंक विनंती आम्हाला मोलाची. तिचे नियम मार्च २०१२ च्या आरएफसी ६५७८ मध्ये आहेत. ती एक्सएमएलमध्ये येते; ती वाचणारा कोड लिहिताना हाती लागलेलं हे.

१. टॅगमागचा नेमस्पेस तपासा. एक ॲप टॅगच्या आधी मोठा डी लावतं, दुसरं छोटा, तिसरं काहीच लावत नाही. नेमस्पेस ‘डीएव्ही:’ असला की तिन्ही विनंत्या एकच. रेग्युलर एक्स्प्रेशनने एक्सएमएल वाचायला जाणारे इथेच अडकतात.

२. रिकामं सिंक-टोकन म्हणजे ‘मी नवा आहे, पूर्ण यादी द्या’. टोकनचा टॅगच नसेल, तर विनंती अपुरी. आणि टोकन जुनं होऊन सर्व्हरला ओळखू येत नसेल, तर ४०३ देऊन तसं स्पष्ट सांगा. फोन पहिल्यापासून सुरुवात करील. अशा वेळी ‘बदल नाही’ म्हणून रिकामी यादी पाठवणं मला सर्वांत घातक वाटतं. फोन निर्धास्त राहतो आणि शेतकऱ्याला हवी असलेली पावती त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

३. पुसलेली फाइलही कळवावी लागते, तिच्यापुढे ४०४ लिहून.

४. अनोळखी टॅग ओलांडून पुढे जा, पण डीटीडी दिसली की विनंती तिथेच नाकारा. सिंकला ती लागतच नाही. एका एंटिटीत दुसरी दहादा, दुसरीत तिसरी दहादा, अशा मोजक्या ओळी सर्व्हरची सगळी मेमरी खातात. बाहेरची एंटिटी तर सर्व्हरवरची खासगी फाइल वाचून घेऊ शकते. लोकांनी विश्वासाने कर्जाचे कागद ठेवले आहेत, तिथे ही ढिलाई अक्षम्य आहे.

५. मराठी नावांची वेगळी काळजी घ्या. ‘शेतकऱ्यांची यादी’ मधला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध, किंवा र आणि नुक्ता असा सुटा. दिसायला सारखाच, पण पहिल्याचे ३ बाइट, दुसऱ्याचे ६. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम तो सुटा करून ठेवते. सर्व्हरने नुसते बाइट जुळवले, तर एकाच यादीच्या दोन फाइली होतात आणि कुठली खरी हे कुणालाच कळत नाही. तुलना करण्याआधी दोन्ही नावं एनएफसी रूपात आणा.

असा सर्व्हर लिहिणाऱ्या मराठी मित्रांनो, चाचणीच्या फाइलींत ऱ असलेलं एक नाव आजच घाला, दोन्ही रूपांत.