रात्रीचं दळण

वाचनालयाच्या सर्व्हरची हार्ड डिस्क गेली, तेव्हा मी मुळीच घाबरलो नव्हतो. उलट ग्रंथपाल मॅडमना म्हणालो, "काळजी करू नका, रोज रात्रीचा बॅकअप आहे." मग दुसऱ्या डिस्कवरचं फोल्डर उघडलं. १५ दिवसांच्या १५ फाइली, तारीखवार, अगदी ओळीनं. प्रत्येकीचा आकार २० बाइट.

पुस्तकं, सभासद, देवघेव या सगळ्याची नोंद २० बाइटांत मावत नाही. फाइली दाबून लहान करणाऱ्या जीझिपला काहीच दिलं नाही, तरी ते एक रिकामी पुडी बांधतं, तिचं वजन तेवढं असतं. अशा १५ रिकाम्या पुड्या मी जपून ठेवल्या होत्या.

चूक ठरल्या वेळी बॅकअप सुरू करणाऱ्या क्रॉनची नव्हती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्येही हा गडी होता. दर मिनिटाला उठतो, यादी बघतो, वेळ झालेलं काम सुरू करून देतो. काम नीट झालं का, हे तो बघत नाही.

बॅकअपची स्क्रिप्ट मी टर्मिनलवर हातानं चालवून पाहिली होती. फाइल छान झाली होती. पण मी लॉगिन करतो तेव्हा माझ्या प्रोफाइलमधून पाथ ठरतो, म्हणजे कोणते प्रोग्राम कुठे शोधायचे याची यादी. क्रॉन ते प्रोफाइल वाचत नाही. त्याचा पाथ तोकडा असतो. डेटाबेस उतरवून घेणारा मायएसक्यूएलडंप वेगळ्या फोल्डरात होता, तो क्रॉनला सापडलाच नाही. पुढच्या जीझिपला काहीच मिळालं नाही, तरी त्यानं पुडी बांधली आणि 'काम झालं' असं कळवलं. पाइपनं जोडलेल्या कामांत शेवटच्याचाच निकाल धरला जातो.

'प्रोग्राम सापडला नाही' असा संदेश क्रॉन बिचारा मेलनं कळवतोही. पण रोजच्या मेलचा मला वैताग येई, म्हणून ओळीच्या शेवटी सगळं आउटपुट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, ढकललं होतं. त्याचं तोंड मीच बांधलं होतं. वर १५ दिवसांपेक्षा जुन्या फाइली पुसायची ओळही मीच लिहिली होती. ती मात्र चोख चालली. हातानं केलेली एकुलती एक खरी फाइल तिनं वेळेवर पुसली. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.

पुढचे तीन आठवडे जुनी रजिस्टरं आणि पावत्या समोर ठेवून आम्ही नोंदी परत भरल्या. त्यातून शिकलो ते सांगतो.

स्क्रिप्टमध्ये प्रत्येक प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहा, किंवा क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या यादीच्या, वरच पाथ द्या. बॅशमध्ये पाइपफेल चालू करा, म्हणजे आधीचा गडी पडला तरी कळेल. मुख्य म्हणजे चाचणी क्रॉनकडूनच घ्या: पाच मिनिटांनंतरची वेळ लावा आणि समोर बसून बघा.

मिनिट, तास, तारीख, महिना, वार हे पाच रकाने सावकाश वाचा. मिनिटाच्या जागी शून्याऐवजी तारा राहिला, तर पहाटे दोनचं काम त्या तासात ६० वेळा चालतं. तारीख आणि वार दोन्ही दिले, तर दोन्ही जुळायची वाट क्रॉन पाहत नाही. एक जुळलं तरी पुरतं. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की आज्ञा तिथंच तुटते, त्याआधी उलटी तिरकी रेघ हवी. भाड्याचा सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो. त्याचे पहाटेचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. आणि 'क्रॉनटॅब वजा ई' उघडायला जाताना शेजारचं 'आर' दाबलं जाऊ शकतं. त्यानं सगळी यादी सहसा न विचारताच पुसली जाते. यादीची एक प्रत वेगळी ठेवा.

जुनं पुसायच्या आधी नवं तपासा. फाइल ठरावीक आकारापेक्षा लहान असेल, तर पुसायची ओळ चालूच नये.

निरोपही उलटा मागा. 'बिघडलं तर कळव' असं सांगितलेलं मशीन बंदच पडलं, तर कळवणार कोण? 'झालं की कळव' असं ठेवा. निरोप आला नाही की उठून बघायचं.

आता दर महिन्याला मी एका जुन्या कॉम्प्युटरवर बॅकअप रिस्टोअर करतो आणि शेवटची देवघेव दिसते का ते बघतो. मॅडम रोज कुलूप उघडल्यावर फाइलचा आकार वहीत लिहितात. परवा सकाळी त्यांचा फोन आला, "अहो, आकडा कालचाच आहे." मी धावत गेलो. आदल्या दिवशी देवघेव बंद होती, एकही पुस्तक हललं नव्हतं. मॅडम ओशाळल्या. मी म्हणालो, "असाच फोन करत जा."