मोटारींतील इंधनदर्शक कांटा : दोष व उपाय

हळदीच्या हंगामांत कळमनुरी, सेनगांव, वसमत या बाजूंनीं माल भरलेल्या जीपगाड्या व टेंपो रात्रींच निघून हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डाबाहेर रांगेंत उभे राहतात. अशा वेळीं कांटा अर्धी टांकी दाखवीत असतां डिझेल संपणें ही केवळ गैरसोय नव्हे. टांकी कोरडी झाली कीं नळ्यांत हवा शिरते, आणि पुष्कळ गाड्यांत ती काढल्यावांचून नवें डिझेल घालूनही इंजिन सुरू होत नाहीं. म्हणून कांट्याची तपासणी शेतकऱ्यास स्वतः करतां यावी या हेतूनें आम्ही हें लिहीत आहों.

रचना सोपी आहे. टांकींत एक लहान पोकळ भोपळा तरंगत असतो. त्याची दांडी खालींवर होतांना विजेस अडथळा करणाऱ्या पट्टीवर सरकते. अडथळा कमीअधिक झाला म्हणजे वीज कमीअधिक वाहते व तितका कांटा हलतो. म्हणजे कांटा टांकी पाहत नाहीं, आलेल्या वर्दीवर भरवसा ठेवतो. शिवारांत न जातां चावडींत बसून लावलेल्या पैसेवारीसारखाच हा प्रकार होय, आणि महसूल खात्यांत आयुष्य गेल्यामुळें तिची किंमत आम्ही जाणतो.

लोक प्रथम टांकी उघडावयास धांवतात. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. दोष टांकींत कीं बाहेर, हें ती न उघडतां कळतें. इंजिनाच्या उष्णतेचा कांटाही निजला असेल, तर फ्यूज व दोहोंस वीज पुरविणारी सामाईक जोडणी पाहावी. तो चालत असेल, तर बॅटरी सोडवून टांकीपासून गाडीच्या पत्र्यास जोडलेली तार तपासावी. चिखलपाण्यानें तिचें टोंक गंजतें. तें घासून घट्ट केलें कीं बहुधा काम भागतें.

न भागल्यास, जुन्या साध्या गाडींत टांकीवरून कांट्याकडे जाणारी तार सोडवून, बॅटरी पुन्हा जोडून व चावी फिरवून कांटा पाहावा. मग चावी बंद करून, त्या तारेस दुसरी लांब तार व मध्यें लहान दिवा जोडून, टोंक टांकीपासून दूर पत्र्यास घट्ट लावावें व चावी पुन्हा फिरवावी. दोन वेळीं कांटा दोन बाजूंस गेला, तर दोष टांकींतला. हललाच नाहीं, तर टांकीस हात लावूं नये. नव्या गाड्यांत ही वर्दी संगणकाकडे जाते. तेथें हा प्रयोग करूं नये. पुष्कळ पेट्रोल गाड्यांत भोपळा व पंप एकत्र असून नळींत दाब असतो. तीं कामें कारागिराचीं.

टांकी उघडणें झालेंच, तर उघड्यावर, बॅटरी सोडून, विडी व चूल दूर ठेवून. रिकामी टांकी निर्धोक हा समज घातक आहे. पेट्रोल संपलें तरी वाफ राहते, आणि पेट घेते ती वाफच. पितळी भोपळा कानाशीं हलवावा. आंत डुचमळलें तर छिद्र पडून तो बुडाला आहे. काटकसरीनें त्यास डाग देऊं नये. आंतील वाफ तापून तो फुटतो. नवा बसवावा, रबरी वॉशरही नवा घालावा.

शेवटीं टांकींत ५-५ लिटर ओतून प्रत्येक वेळीं कांटा कोठें थांबतो तें टिपावें. टांकीचा आकार सर्वत्र सारखा नसल्यामुळें खालचा पाव भाग वरच्या पाव भागाएवढा निघेलच असें नाहीं. हें टिपण गाडी हांकणाऱ्यासमोर चिकटवून ठेवावें.