गोवळकोटचें बंदर आणि गाळाचा धडा

चिपळूणची बाजारपेठ कशामुळें वाढली, हा आजच्या पाठाचा विषय आम्हीं घेतला आहे. एका बाजूस कुंभार्ली घाट, दुसऱ्या बाजूस दाभोळची खाडी, आणि मध्यें वाशिष्ठीच्या कांठीं हें गांव. देशावरचा कापूस कऱ्हाडकडून घाट उतरून येई, व गांवाजवळच्या गोवळकोट बंदरांत गलबतांवर चढून मुंबईस जाई. परत येतांना गलबतें मीठ व कापड आणीत.

पाण्याची वाट स्वस्त कां पडते? जमिनीवर ओझ्याचा भार चाकांवर व बैलाच्या खांद्यावर येतो; पाण्यांत तो पाणीच झेलतें. म्हणून थोड्या बळानें पुष्कळ माल हलतो. शिवाय खाडींत दिवसांतून दोनदां भरती येते, व रोज सुमारें ५० मिनिटें उशिरानें येते. तांडेल ती वेळ साधून भरतीबरोबर वर येत व ओहोटीबरोबर समुद्राकडे जात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणांत जड गलबतें चालत. अष्टमीच्या भांगांत पाणी कमी चढे.

परंतु ही वाट आपोआप टिकत नाहीं. डोंगरावरचें रान तुटलें म्हणजे पावसाबरोबर माती नदींत उतरते, आणि खाडींत प्रवाह मंदावतांच तळाशीं बसते. वाशिष्ठींत गाळ सांचला, तशीं मोठीं गलबतें बंदरापर्यंत येईनाशीं झालीं. पुढें मोटारी आल्या, १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाली, आणि गलबतांचा व्यापार सरला.

कोणी म्हणेल, आगगाडी आहे, मग गाळाची काळजी कशास? ह्याचें उत्तर २२ जुलै २०२१ रोजीं मिळालें. त्या दिवशीं पुराचें पाणी चिपळूणच्या बाजारांत व घरांत शिरलें. अतिवृष्टि व भरती हीं कारणें होतींच. पण उथळ झालेल्या पात्रांत पाणी मावेना. गलबतास जी खोली लागते, तीच पुरासही लागते.

सन २०१६ च्या कायद्यानें दाभोळ खाडी व वाशिष्ठीची ४५ किलोमीटरांची वाट राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ ठरली आहे. तथापि कायद्याच्या कागदावर होडी तरंगत नाहीं. नदीचा गाळ काढणें सरकारचें काम खरें. पण उतारावर बांध घालणें व ओढ्याकांठचीं झाडें राखणें हें आपल्या हातचें आहे. वरच्या वाडीनें राखलेली माती खालच्या पेठेचें घर वांचविते.

विचारासाठीं प्रश्न :
१. पाण्यावरून माल नेणें स्वस्त कां पडतें?
२. उधाण व भांग ह्यांत भेद काय?
३. आपल्या गांवचा ओढा कोणत्या नदीस मिळतो, व पावसाळ्यांत त्याचें पाणी गढूळ कशानें होतें?