रोख खात्यापाशी अडलेली रांग

श्रीरामपूर भागातल्या एका पतसंस्थेत नवं सॉफ्टवेअर बसलं आणि संध्याकाळी पिग्मी एजंट मशिनं घेऊन आले, की काउंटरच्या स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहायचं. मला बोलावलं तोवर संचालक मंडळाने रॅम वाढवायचा ठरावही करून टाकला होता. सर्व्हर तर निवांत बसलेला!

सॉफ्टवेअर कंपनीकडून चाचणीचा अहवाल मागवला. सेकंदाला 80 व्हाउचरं, असं त्यात छापलेलं. म्हणजे एका व्हाउचरला साधारण 12 मिलिसेकंद. आता किर्द-खतावणी आठवा. ठेवीदारांची खाती कितीही असोत, रोख खातं एकच. प्रत्येक भरण्याला त्याच ओळीतली शिल्लक बदलते, आणि व्यवहार पक्का होईपर्यंत ती ओळ लॉक राहते. या सॉफ्टवेअरमध्ये लॉक धरून ठेवूनच ठेवीदाराला एसएमएस जायचा. चाचणीत एसएमएसचं उत्तर खोटं, तत्काळ मिळणारं. इथे त्याला सेकंद लागायचा. मग प्रोसेसर कितीही आणा, सेकंदाला एकच व्हाउचर. मायएसक्यूएल मूळ सेटिंगवर लॉकसाठी 50 सेकंद थांबून एरर देतं. ती आली की कॅशियर पुन्हा बटण दाबणार, रांग आणखी लांबणार.

म्हणून क्षमतेचा अंदाज मागताना दोनच गोष्टी खोदून विचारा: सगळे हात कुठल्या ओळीवर पडतात, आणि लॉक किती वेळ धरला जातो. हा वेळ लॉगमधून मोजून घ्या, तोही गर्दीतला. मग सिम्युलेशनला पायथनचा छोटा प्रोग्रॅम पुरतो: व्हाउचर आलं, ओळ धरली, सोडली. फक्त व्हाउचरं दिवसभर सारखी पसरू नका, एजंट येतात तशी झुंडीने सोडा. अग्रवाल, कॅरी आणि लिव्हनी या संशोधकांनी 1987 मध्येच दाखवलं होतं, की सिम्युलेशनमध्ये यंत्रसामग्री अमर्याद धरली की लॉकिंगची पद्धत मागे पडते आणि मर्यादित धरली की तीच सरस ठरते. गृहीतक बदललं की निकाल उलटा. त्यामुळे अहवालातल्या आकड्याआधी त्याखालची गृहीतकं वाचावीत. ती बहुधा छापलेलीच नसतात.

एजंटाची अख्खी यादी एकाच व्यवहारात चढत असेल, तर याद्या खातेक्रमांकाने लावून घ्या, नाहीतर दोन याद्या एकमेकींची खाती अडवून डेडलॉक करतात.

एसएमएस व्यवहार पक्का झाल्यावर पाठवायचा, हे कंपनीने लगेच मानलं. प्रत्येक काउंटरला वेगळी रोख ओळ द्यायला मात्र लेखापाल कुरकुरले. पण दिवसअखेर प्रत्येक कॅशियरची पेटी वेगळी मोजून मग बेरीज ते स्वतःच तर मारत होते.