शाळेमागील तळें

पुस्तकांत वाचलेलें पुष्कळदां विसरतें; परंतु स्वतः पाहून वहींत टिपलेलें सहसा विसरत नाहीं. ठाणें शहर तळ्यांविषयीं प्रसिद्ध आहे. आमच्या शाळेमागेंही घरांच्या दाटींत एक लहानसें तळें आहे. गेलें वर्षभर दर शनिवारीं सकाळीं कांहीं विद्यार्थ्यांसह आम्ही त्याच्या कांठीं अर्धा तास उभे राहत आलों. त्यांतून जें कळलें, तें येथें देतों.

आरंभ पावसाळ्यापासून करूं. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडतांच बेडकांचा गजर सुरू होतो. मोठ्या जातीच्या बेडकांतील नर या दिवसांत पिवळेधमक होतात व त्यांच्या गळ्याच्या दोहों बाजूंस निळ्या पिशव्या फुगतात. वीण संपतांच हा रंग ओसरतो. पावसाबरोबरच पिवळसर चतुरांचे थवे येतात. पाऊस संपल्यावर हे चतुर हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असें मत चार्ल्स अँडरसन यांनीं मालदीव बेटांवरील निरीक्षणांवरून २००९ सालीं मांडलें. बोटाएवढ्या किड्याची केवढी ही मजल !

याच ऋतूंत कमळपक्षी दिसतो. त्याचीं बोटें फार लांब असल्यामुळें शरीराचा भार विभागला जाऊन तो तरंगत्या पानांवरून सहज चालतो. मादी अंडीं घालून निघून जाते. तीं उबविण्याचें व पिलें सांभाळण्याचें काम नर करितो. हें ऐकून मुलांस मोठें नवल वाटलें.

हिंवाळ्यांत उत्तरेकडून पाहुणे येतात. शेपटी हालवीत कांठानें धांवणारा धोबी पक्षी त्यांपैकींच एक होय. टिबुकली, खंड्या व पंख पसरून उन्हांत वाळविणारा पाणकावळा हे मात्र बारमाही रहिवासी आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस मळकट वंचकाची पाठ तांबूस होते. ती त्याच्या विणीची खूण असते.

वैशाखांतील एका सकाळीं मात्र निराळेंच दृश्य दिसलें. शेंकडों मासे मरून पाण्यावर तरंगत होते. "गुरुजी, कोणी विष टाकलें?" असें मुलांनीं विचारलें. आम्ही त्यांना पाण्यांत उतरणारा बारीक नाला दाखविला. भोंवतालच्या घरांचें सांडपाणी त्यांतून येतें. तें पाणवनस्पतींचें खाद्य असल्यामुळें जलपर्णी व शेवाळ माजतें. मेलेल्या वनस्पती कुजतांना सूक्ष्म जंतु पाण्यांतील प्राणवायु खर्च करितात. दिवसा पाण्यांतील वनस्पती प्राणवायु सोडतात. रात्रीं त्याही तो घेऊं लागतात. म्हणून पहांटे पाण्यांत प्राणवायु सर्वांत कमी असतो, व ऊन पाणी मुळांतच थंड पाण्यापेक्षां कमी प्राणवायु धरितें. मासे गुदमरले ते यामुळें. त्यांना मारण्यास कोणी परका आला नव्हता. आमच्याच घरांतील पाणी पुरेसें झालें.

दुसरा बदल पूर्वेच्या कांठीं झाला. तेथील चिखलाचा उतार जाऊन दगडी भिंत झाली. फिरावयास येणाऱ्या वृद्धांची सोय झाली, हें खरें; परंतु वंचकास उभें राहावयास उथळ पाणी लागतें. त्या बाजूस तो आतां दिसत नाहीं. पश्चिमेचा उतार तरी तसाच राहावा व नाल्याचें पाणी अन्यत्र वळवावें, असा अर्ज मुलांनीं लिहिला असून त्यावर अनेक पालकांनीं सह्या केल्या आहेत. ज्यांनीं केल्या नाहींत, त्यांनीं एकदां पहांटे तळ्याकडे यावें, एवढीच विनंति.

मुंबईंत धोबी तलाव व गवालिया टँक हीं नांवें आजही लोकांच्या तोंडीं आहेत. परंतु तेथें पाणी नाहीं. तीं तळीं केव्हांच बुजलीं. आमच्या तळ्याचें केवळ नांव उरूं नये, अशी इच्छा असेल तर प्रत्येक विद्यार्थ्यानें एक वही करावी. तींत तारीख, वेळ, पाण्याची पातळी, दिसलेला जीव व तो काय करीत होता, एवढें लिहावें. ठाऊक नसलेलें नांव अंदाजानें लिहूं नये. चित्र काढून ठेवावें. आज साधी वाटणारी ही नोंद पुढील मुलांना फार मोलाची ठरेल.