फाइल डेस्कटॉपवर दिसते, पण आहे कुठे?



या आठवड्याचा व्हिडिओ आटोपशीर ठेवायचा म्हणून मी जरा भराभर बोललो. त्यातले टप्पे आणि वेळेअभावी राहिलेल्या काही गोष्टी इथे सविस्तर लिहितोय. शक्य असेल तर लॅपटॉप समोर उघडून वाचा.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या एक ताई घरगुती मसाल्यांचा व्यवसाय करतात, आमच्या एका बॅचला होत्या. जानेवारीत त्यांचा फोन आला. "सर, लॅपटॉपवर सारखं येतंय, जागा भरली, जागा भरली. आता मेलपण येईनात." मी प्रवासात होतो. म्हणालो, "ताई, मोबाइलवर वनड्राइव्ह उघडा आणि नको ते डिलीट करून टाका. लॅपटॉपवर तुमच्या फाइली आहेतच की." हे शेवटचं वाक्य मी काहीही न बघता बोललो.

ताईंनी सांगितलं तसं केलं. जागा हवी म्हणून लॅपटॉपचा रिसायकल बिनही रिकामा केला. मार्चमध्ये उन्हाळी मसाल्याचा सीझन सुरू झाला, तेव्हा त्या कॉस्टिंगची शीट उघडायला गेल्या. मिरचीच्या जाती, धने, खोबरं, कांडप, पॅकिंग, सगळ्याचा किलोमागे हिशोब. तीन वर्षं भरत आणलेली शीट होती ती. लॅपटॉपवर कुठेच नव्हती. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात डिलीट केलेली फाइल तिथल्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस राहते. इथे दोन महिने उलटले होते. रेट लिस्ट दुकानदारांच्या व्हॉट्सॲपवर सापडली, लेबलं प्रिंटिंगवाल्याकडे मिळाली. कॉस्टिंगची शीट मात्र कुणाला पाठवलेलीच नव्हती. आपला आतला हिशोब कोण कुणाला पाठवतं? बिलांची चवड घेऊन आठवडाभर बसून त्यांनी ती परत केली. तोपर्यंतच्या दोन ऑर्डरी अंदाजाने भाव लावून गेल्या. एकीत तोटा झाला.

नेमकं झालं काय?

विंडोज ११ चा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला, की बऱ्याचदा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर वनड्राइव्हला जोडले जातात. सेटअप करताना आपण नेक्स्ट, नेक्स्ट दाबत जातो, किंवा दुकानदारच ते करून देतो. त्यानंतर डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल खरं तर वनड्राइव्हच्या फोल्डरात असते. स्क्रीनवर काहीच बदललेलं दिसत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही.

याला तिथे 'बॅकअप' म्हणतात, पण काम चालतं ते सिंकचं. सिंक म्हणजे आरसा. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. बॅकअप म्हणजे वेगळी ठेवलेली प्रत, मूळ गेलं तरी जी राहते. या दोन शब्दांची गल्लत माझ्याकडूनही झाली, म्हणून एवढं लिहितोय.

जागेचंही समजून घ्या. मोफत वनड्राइव्हला ५ जीबी मिळते. फेब्रुवारी २०२३ पासून आउटलुक डॉट कॉमच्या मेलमधल्या अटॅचमेंटही त्यातच मोजल्या जातात. जागा संपली की मेल येणं-जाणं थांबतं. ताईंचं तेच झालं होतं. प्रॉडक्टचे फोटो आणि लेबलांच्या डिझाइन फाइली, ५ जीबी भरायला कितीसा वेळ लागतो! गूगलकडे १५ जीबी मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून.

आधी बघा, मग हात लावा

डेस्कटॉपवरच्या कामाच्या एखाद्या फाइलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि 'लोकेशन'पुढे काय लिहिलंय ते वाचा. त्यात वनड्राइव्ह हा शब्द असेल तर तुमचंही ताईंसारखंच आहे. आता फाइल एक्सप्लोररमध्ये खुणा बघा. निळा ढग म्हणजे फाइल फक्त इंटरनेटवर आहे, लॅपटॉपवर नुसतं नाव आहे. पांढऱ्या गोलात हिरवी बरोबरची खूण म्हणजे सध्या लॅपटॉपवर आहे, पण जागा कमी पडली तर परत ढगात जाऊ शकते. भरीव हिरव्या गोलात पांढरी खूण असेल तर ती कायम लॅपटॉपवर राहणार. बँकेत लोनच्या कामाला गेलात, रेंज नाही आणि फाइलवर निळा ढग, मग साहेबांसमोर काय उघडणार?

आता क्रम महत्त्वाचा. घाईने वनड्राइव्ह काढून टाकू नका. आधी सी ड्राइव्हवर पुरेशी जागा आहे का बघा. मग वनड्राइव्हच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळीकडे भरीव हिरवी खूण येईपर्यंत थांबा. नेट हळू असेल तर रात्रभर लागेल, लागू द्या.

ते झालं की डी ड्राइव्हवर एक फोल्डर करा, डी नसेल तर थेट सी मध्ये करा. मी त्याला 'धंदा' असं नाव देतो, तुम्ही काहीही द्या. कामाच्या फाइली तिथे कॉपी करा. कट नाही, कॉपी. कट केलं तर फाइल वनड्राइव्हमधून निघून जाते आणि मध्येच काही बिघडलं तर हातात काहीच राहत नाही. कॉपी केलेल्या चार-पाच फाइली वायफाय बंद करून उघडून बघा.

यानंतर टास्कबारवरचा ढग, गिअरची खूण, सेटिंग्ज, 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप' असं जा आणि तिन्ही फोल्डर बंद करा. आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे इकडेतिकडे असतील. बंद केल्यावर डेस्कटॉप एकदम मोकळा दिसू शकतो. व्हिडिओखाली सगळ्यात जास्त घाबरलेल्या कमेंट याच जागी आल्यात! फाइली गेलेल्या नसतात, वनड्राइव्हच्या फोल्डरात तशाच असतात. तिथल्या जुन्या प्रती महिनाभर तरी काढू नका.

एक्सेलला सांगावं लागतं

एवढं करूनही नवीन बिल सेव्ह करायला गेलात की एक्सेल परत वनड्राइव्हच पुढे करतं. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन 'सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डीफॉल्ट' वर खूण करा आणि खालच्या 'डीफॉल्ट लोकल फाइल लोकेशन'मध्ये आपल्या फोल्डरचा पत्ता टाका. वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्येही जाऊन तपासा. वर्डच्या नव्या आवृत्तीत त्याच पानावर नवीन फाइली आपोआप क्लाउडमध्ये तयार करण्याची खूण दिसली तर काढून टाका. एफ१२ दाबलं की जुनी साधी 'सेव्ह ॲज'ची खिडकी येते, मला तीच आवडते.

एक तोटा सांगितलाच पाहिजे. वर कोपऱ्यात जे ऑटोसेव्ह असतं, ते वनड्राइव्हमधल्या फाइलींसाठीच चालतं. फाइल लॅपटॉपवर आणली की ते बंद. ऑटोरिकव्हर असतं, पण ते ठरावीक वेळाने, सहसा दर दहा मिनिटांनी. म्हणजे कंट्रोल एसची जुनी सवय परत लावून घ्यायची.

टॅली वापरत असाल तर डेटा पाथ तपासा. चालू डेटा सिंक होणाऱ्या फोल्डरात नकोच. त्यात एकमेकींवर अवलंबून असलेल्या अनेक फाइली असतात. तुम्ही एंट्री करताय आणि त्याच वेळी सिंक अर्धवट झालं, तर डेटा बिघडण्याचा धोका असतो. टॅली प्राइममध्ये ऑल्ट वाय दाबून बॅकअप घ्या आणि ती बॅकअपची फाइल खुशाल क्लाउडवर ठेवा.

फाइल घरी आणली, आता जबाबदारीही आपली

क्लाउडला शिव्या घालायच्या नाहीयेत मला. सीएंना कागद पाठवायला, दोघांनी मिळून एकच स्टॉक शीट भरायला तेच बरं. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा दुकानातला कॉम्प्युटर आणि शेजारच्या कपाटातली हार्ड डिस्क वेगळ्या कुठे राहणार होत्या? म्हणून एक प्रत दुकानाबाहेर हवीच. ती क्लाउडवर ठेवा नाहीतर भावाच्या घरी.

मी दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क वापरतो. एका आठवड्याला एक, पुढच्या आठवड्याला दुसरी. कॉपी झाली की काढून ठेवतो. कायम जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर आलं तर लॅपटॉपबरोबरच लॉक होते, मग तिचा उपयोग काय? पेनड्राइव्ह फाइल न्यायला-आणायला ठीक, वर्षानुवर्षं ठेवायला नको.

ठेवायचं किती वर्षं? जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने. म्हणजे २०२४-२५ च्या रिटर्नची देय तारीख ३१ डिसेंबर २०२५ धरली, तर डिसेंबर २०३१ अखेरपर्यंत. तोवर तुमचा लॅपटॉप एकदा तरी बदललेला असेल. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशोबाच्या पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवण्याचा नियमही आहे, तिथे नुसती घरची डिस्क चालणार नाही. सीएंशी बोलून घ्या.

आणि एक गोष्ट, जी व्हिडिओत पूर्ण राहून गेली. विंडोज ११ च्या बऱ्याच नवीन लॅपटॉपची डिस्क आपोआप कुलूपबंद असते, बिटलॉकरने. लॅपटॉप बिघडला आणि डिस्क काढून दुसरीकडे जोडली तर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खातं दुकानातल्या पोराने त्याच्या मोबाइल नंबरवर उघडलेलं असतं! आजच खात्यात जाऊन ती की शोधा, कागदावर छापा आणि जीएसटी सर्टिफिकेटच्या फाइलीत लावून टाका.

ताईंनी छापलेला कागद आता त्यांच्या देवघराच्या खणात आहे. कॉस्टिंगची शीट दर शनिवारी डिस्कवर जाते आणि ती डिस्क रविवारी माहेरी, तीन गल्ल्या पलीकडे. मागच्या महिन्यात त्यांना विचारलं, ती डिस्क एकदा तरी उघडून बघितलीत का? म्हणाल्या, "सर, आता तुमच्यावर विश्वास ठेवत नाही, दर महिन्याला उघडून बघते."